संमीलन येईपर्यंत कोराडीचे काय?

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी असे भाकीत केले की, हायड्रोजनच्या केंद्रकांचे संमीलन घडवून मिळणारी ऊर्जा नियंत्रित रीतीने मोकळी करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, आणि तो सापडला की महासागरांत जेवढे जड हायड्रोजन आहे तेवढे इंधन जगाला उपलब्ध होईल. त्या भाकिताची मुदत १९७५ मध्ये संपली. भाकीत करून आता सत्तर वर्षे झाली, आणि संमीलनातून निर्माण झालेल्या विजेचे एक युनिटही अजून जगातल्या कोणत्याही ग्राहकाच्या बिलात आलेले नाही.

या वस्तुस्थितीवरून नागपुरात दोन टोकांचे निष्कर्ष काढले जाताना मी ऐकतो. पहिला असा की, संमीलन हे कधीच हाती न लागणारे मृगजळ आहे आणि आपल्यासारख्या देशाने त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. दुसरा याच्या अगदी उलट. अमेरिकेत किंवा चीनमध्ये एखादा विक्रम झाल्याची बातमी आली की, आता दहा-पंधरा वर्षांत स्वच्छ आणि अमर्याद वीज येणारच आहे, मग सौर प्रकल्पांसाठी जमिनी कशाला अडकवायच्या आणि शहराजवळच्या कोराडीतल्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराबद्दल एवढी ओरड कशाला, असे म्हटले जाते. माझे म्हणणे असे आहे की, हे दोन्ही निष्कर्ष एकाच चुकीतून निघतात. संमीलनाची सांगड आजच्या वीजकेंद्रांशी घालणे ही ती चूक होय. आज कोराडीत आणि जवळच्याच खापरखेड्यात जे कोळशावरचे वीजनिर्मिती संच चालू आहेत किंवा जे नव्याने मंजूर होत आहेत, त्यांना पर्याय म्हणून संमीलन येणार नाही. ते आले तर या संचांचे आयुष्य संपल्यावर त्यांच्या जागी काय, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून येईल. म्हणूनच त्यावर सातत्याने खर्च झाला पाहिजे, आणि म्हणूनच त्याच्या भरवशावर आजचा एकही निर्णय लांबणीवर पडता कामा नये.

भाभांचे भाकीत चुकले, पण ते उथळपणे केलेले नव्हते. १९४२ च्या डिसेंबरात शिकागोमध्ये एन्रिको फर्मी यांनी युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे केंद्रक फोडण्याची, नियंत्रित साखळी प्रक्रिया प्रथम घडवली आणि अवघ्या बारा वर्षांत, १९५४ मध्ये, सोव्हिएत संघातल्या ओब्निन्स्क येथील अणुभट्टीतून वीज वाहू लागली. हायड्रोजन बॉम्बचा स्फोट १९५२ मध्येच झाला होता. विखंडनाच्या बाबतीत बॉम्बनंतर काही वर्षांतच वीज आली, तर संमीलनाच्या बाबतीतही तसेच होईल, असे त्या काळच्या बहुतेक जाणत्या शास्त्रज्ञांना वाटत होते.

पण निसर्गाने या दोन प्रक्रियांमध्ये मोठा भेद ठेवलेला आहे. विखंडन घडवणारा न्यूट्रॉन विद्युतभाररहित असतो. त्याला युरेनियमच्या केंद्रकात शिरण्यासाठी कोणताही अडथळा ओलांडावा लागत नाही, त्यामुळे नेहमीच्या तापमानालाही ही प्रक्रिया चालते. संमीलनात मात्र दोन धनभारित केंद्रके एकमेकांच्या अगदी जवळ आणावी लागतात आणि ती एकमेकांना तेवढ्याच जोराने दूर ढकलत असतात. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांची जोडी त्यातल्या त्यात सोपी. पण तिच्यासाठीही सुमारे पंधरा कोटी अंश सेल्सियस तापमान लागते. हे तापमान सूर्याच्या गाभ्यातल्या तापमानाच्या दहापट आहे. पृथ्वीवर सूर्यापेक्षाही जास्त तापमान का लागावे, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, सूर्य फार सावकाश जळतो. त्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटरमधून निघणारी उष्णता काहीशे वॅटच भरते. सूर्याचे त्यात भागते, कारण त्याचा आकार अवाढव्य आहे आणि त्याला कोणतीही घाई नाही. वीजकेंद्राचे भागत नाही.

एवढ्या तप्त विद्युतभारित वायूला, म्हणजे प्लाझ्माला, कोणत्याही भांड्याच्या भिंतीचा स्पर्श होऊ देता येत नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरून ठेवावे लागते. ब्रिटिश अभियंते जॉन लॉसन यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते की, घनता, तापमान आणि उष्णता टिकून राहण्याचा काळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पुरेशा असल्याशिवाय खर्चापेक्षा जास्त ऊर्जा मिळणार नाही. पुढची सगळी दशके या तिघांना एकत्र नांदवण्यात गेली. एक वाढवावे तर दुसरे घसरते. तापमान वाढले की प्लाझ्मात खळबळ माजते आणि मोठ्या कष्टाने दिलेली उष्णता क्षणात बाहेर निसटते.

या इतिहासातले दोन प्रसंग मला फार महत्त्वाचे वाटतात. इंग्लंडमधल्या हारवेल येथील झेटा नावाच्या यंत्रातून १९५७ मध्ये न्यूट्रॉन निघताना दिसले, आणि जानेवारी १९५८ मध्ये संमीलन साधल्याची घोषणा मोठ्या गाजावाजाने झाली. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. चारच महिन्यांत असे स्पष्ट झाले की, ते न्यूट्रॉन तप्त प्लाझ्मातल्या संमीलनाचे नव्हते, आणि घोषणा मागे घ्यावी लागली. दुसरा प्रसंग दहा वर्षांनंतरचा. १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सांगितले की, त्यांच्या टी-३ या टोकामॅक यंत्रात सुमारे एक कोटी अंश तापमान गाठले गेले आहे. टोकामॅक म्हणजे मेदूवड्यासारख्या आकाराची, चुंबकांनी वेढलेली पोकळी. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा या दाव्यावर विश्वास बसेना. तेव्हा सोव्हिएत संघाने, शीतयुद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या एका तुकडीला लेझरची मोजणी यंत्रणा घेऊन मॉस्कोला येण्याचे निमंत्रण दिले. १९६९ मध्ये त्या तुकडीने स्वतः मोजमाप केले आणि दावा खरा असल्याचे जाहीर केले. त्यानंतर जगभरातल्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या. पहिल्या प्रसंगात हिशेबाआधी घोषणा झाली, तर दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याकडून तपासून घेतलेला हिशेब पुढे ठेवला गेला. सामान्य नागरिकाने संमीलनाची कोणतीही बातमी वाचताना हाच प्रश्न विचारावा की, ही यातली कोणत्या प्रकारची आहे?

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा झाला आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या लिव्हरमोर येथील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये १९२ लेझर किरणांनी इंधनाच्या एका सूक्ष्म गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकण्यात आली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. ही खरोखरच ऐतिहासिक घटना आहे, कारण इंधनावर पडलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा प्रयोगशाळेत संमीलनातून प्रथमच मिळाली. पण आपल्या घरच्या मीटरवरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे त्या ऐतिहासिक क्षणी मिळालेली सगळी उष्णता एका युनिटापेक्षा कमी होती, आणि ते लेझर चालवण्यासाठी विद्युत जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० हून अधिक युनिटे खर्ची पडली होती. चुंबकीय मार्गातला सर्वांत मोठा आकडा इंग्लंडमधल्या कुलहॅम येथील जेट या यंत्राचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद होण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या अखेरच्या प्रयोगमालेत त्याने पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाज्यूल उष्णता दिली, आणि त्यासाठी जळालेले इंधन होते अवघे ०.२ मिलिग्रॅम. ६९ मेगाज्यूल म्हणजे १९ युनिटे, तीही विजेची नव्हे तर उष्णतेची. कोराडीतला ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालताना तेवढी वीज एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात तयार करतो.

हे आकडे मी संमीलनाला कमी लेखण्यासाठी देत नाही. ०.२ मिलिग्रॅम इंधनातून १९ युनिटे उष्णता मिळते, ही गोष्ट कोळशाच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाने थांबून वाचावी अशी आहे. पण इंधनावर पडलेली ऊर्जा आणि जाळ्यातून ओढलेली ऊर्जा, संमीलनाची उष्णता आणि प्रत्यक्ष वीज, यांतला फरक बातमीतून गळून पडतो तेव्हा लोकांची फसगत होते, आणि दर दहा वर्षांनी झालेली फसगत शेवटी या विज्ञानावरचा विश्वासच खाऊन टाकते. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संमीलन प्रयोगाच्या निकालासोबत जाळ्यातून किती वीज घेतली आणि जाळ्यात किती परत दिली, हे दोन आकडे देणे बंधनकारक असावे, असे माझे मत आहे. परत दिलेल्या विजेच्या रकान्यात आज सगळीकडे शून्यच लिहावे लागेल, आणि ते लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

तापमान गाठणे आणि प्लाझ्मा धरून ठेवणे या आघाड्यांवर प्रगती मोठी आहे. २०२५ च्या जानेवारीत चीनच्या ईस्ट या टोकामॅकने प्लाझ्मा १,०६६ सेकंद टिकवला आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्ट या यंत्राने १,३३७ सेकंदांपर्यंत मजल मारली. यांत ट्रिटियम नव्हते आणि वीजही नव्हती, तरी वीस मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा स्थिर राहतो, हे १९५५ च्या कोणत्याही शास्त्रज्ञाला अद्भुत वाटले असते. खरी अडचण आता प्लाझ्माच्या बाहेर, भिंतीत आणि इंधनात आहे, आणि तिच्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले जाते.

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून जी ऊर्जा निघते तिचा सुमारे ८० टक्के भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर चुंबकाचा इलाज चालत नाही. तो थेट भिंतीत घुसतो, धातूच्या अणूंना त्यांच्या जागेवरून हलवतो, आणि वर्षानुवर्षे असा मारा होत राहिला की उत्तमातले उत्तम पोलादही फुगते, ठिसूळ होते. त्याच भिंतीला उष्णता बाहेर काढून टर्बाइनपर्यंत पोहोचवायची असते, आणि तिलाच इंधनही तयार करायचे असते. कारण ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नसतेच. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे, साठवून ठेवले तरी दरवर्षी पाच टक्क्यांहून अधिक आपोआप नाहीसे होते. नागरी वापरासाठी जगात उपलब्ध असलेला साठा काही दहा किलोंच्या घरात आहे आणि तो मुख्यतः जड पाण्यावर चालणाऱ्या विखंडन अणुभट्ट्यांतून आलेला आहे. कोराडीतल्या एका संचाएवढी वीज देणाऱ्या संमीलन केंद्राला मात्र वर्षाला शंभर किलोंच्या आसपास ट्रिटियम लागेल. ते भिंतीतल्या लिथियमवर न्यूट्रॉन आदळवून जागच्या जागी तयार करायचे, अशी कल्पना आहे. खर्च झालेल्या प्रत्येक ट्रिटियम अणूमागे किमान एक नवा अणू हाती आला पाहिजे, आणि थोडी गळती गृहीत धरून एकाहून जरा जास्तच. पूर्ण आकाराच्या यंत्रात हे अजून कोणीही करून दाखवलेले नाही. संमीलन किती वर्षे दूर आहे, असे विचारण्यापेक्षा हे गणित जुळले का आणि ती भिंत किती काळ टिकली, असे विचारणे मला जास्त सार्थ वाटते.

विलंबाचे खापर केवळ निसर्गावर फोडता येणार नाही. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर अमेरिकेत संमीलनाला भरघोस पैसा मिळू लागला आणि १९८० मध्ये तिथल्या संसदेने शतकाच्या अखेरीस प्रात्यक्षिक केंद्र उभारण्याचे उद्दिष्ट ठेवणारा कायदाही केला. तेल स्वस्त झाले, सरकार बदलले आणि तो पैसा आटला. लिव्हरमोर येथेच सुमारे ३७ कोटी डॉलर खर्चून बांधलेले चुंबकीय संमीलनाचे एक प्रचंड यंत्र फेब्रुवारी १९८६ मध्ये उद्घाटनापाठोपाठ बंद करण्यात आले. ते एकदाही प्रयोगासाठी चालले नाही. संमीलन नेहमीच तीस वर्षे दूर असते असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, ती तीस वर्षे ठरावीक खर्च दरवर्षी होत राहील, या गृहीतावर मोजलेली होती.

मग उरला आंतरराष्ट्रीय मार्ग. १९८५ मध्ये जिनिव्हातल्याच भेटीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी ज्याला पाठबळ दिले त्या कल्पनेतून ईटर हा प्रकल्प जन्माला आला. फ्रान्समधल्या कादाराश येथे तो उभा राहत आहे. भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला, २००६ मध्ये सात भागीदारांनी करारावर सह्या केल्या, आणि खर्चाचा सुमारे ९ टक्के वाटा भारत बहुतांशी यंत्रभागांच्या रूपाने उचलतो. हे संपूर्ण यंत्र ज्याच्या पोटात बसते ते सुमारे ३,८५० टनांचे, तीस मीटरच्या आसपास रुंद आणि तेवढेच उंच पोलादी निर्वातपात्र (क्रायोस्टॅट) गुजरातमधल्या हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने घडवले आणि तुकड्यातुकड्यांनी समुद्रमार्गे पाठवले. ५० मेगावॅट उष्णता आत टाकून ५०० मेगावॅट मिळवणे हे ईटरचे लक्ष्य आहे, आणि लक्ष्य गाठल्यावरही ते वीज निर्माण करणार नाही. करार झाला तेव्हा पहिला प्लाझ्मा २०१६ मध्ये अपेक्षित होता. पुढे ते वर्ष २०२५ झाले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाला २०३४ मध्ये प्रारंभ होईल आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू होतील. जोडणीच्या काळात प्लाझ्मा धरणाऱ्या आतल्या निर्वातकुंडाच्या भागांच्या मापांतले दोष आणि शीतकरणाच्या नळ्यांना गंजामुळे पडलेल्या भेगा उघडकीस आल्या, महासाथीने कामे थांबवली, आणि सात भागीदारांच्या अनेक देशांत विखुरलेल्या कारखान्यांचा मेळ घालणे हे काम मुळातच अवघड होते.

गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्यांनी या क्षेत्रात अब्जावधी डॉलर आणले आहेत. तुलनेने उच्च तापमानाला चालणाऱ्या अतिवाहक (विनारोध वीज वाहून नेणाऱ्या) फितीपासून २० टेस्लाचा चुंबक २०२१ मध्ये अमेरिकेत यशस्वीपणे चालवून पाहिला गेला. त्यामुळे यंत्र लहान आणि स्वस्त होण्याची शक्यता खरोखर निर्माण झाली आहे, आणि मला त्यातून आशा वाटते. पण २०२८ मध्ये वीज देऊ, २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला देऊ, अशा करारांवर विसंबून कोणत्याही राज्याने आपले नियोजन करू नये. भिंतीचा आणि ट्रिटियमचा प्रश्न गुंतवणूकदार बदलला म्हणून बदलत नाही.

भारताने या सगळ्यात काय करावे? गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत, डॉ. प्रेधिमान कॉ यांच्या नेतृत्वाखाली, आदित्य हे टोकामॅक १९८९ मध्ये देशातच बांधून सुरू झाले. अतिवाहक चुंबकांचे एसएसटी-१ हे यंत्र १९९० च्या दशकात मंजूर झाले आणि बऱ्याच अडचणींनंतर जून २०१३ मध्ये त्यात पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. वीस वर्षांचा हा काळ कोणी अपयश म्हणून मोजील. त्या काळात अतिशीत तंत्र, निर्वात तंत्र आणि मोठे चुंबक यांत हात बसलेली माणसे तयार झाली, हे मला त्याहून मोठे वाटते. शिवाय भारताकडे एक असे बलस्थान आहे ज्याची चर्चा होत नाही. जड पाण्याच्या अणुभट्ट्या आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे ट्रिटियम हाताळण्याचा दैनंदिन अनुभव आहे. आणि लिथियमयुक्त सिरॅमिक व द्रवरूप शिसे-लिथियम यांच्या आवरणावर, म्हणजे ट्रिटियम तयार करणाऱ्या भिंतीच्या थरावर, आपल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे काम केलेले आहे. जगातला सर्वांत मोठा टोकामॅक बांधण्याच्या शर्यतीत उतरण्यापेक्षा भिंत आणि इंधन या दोन प्रश्नांवर पुढची वीस वर्षे न तुटणारा निधी देणे भारताच्या आवाक्यातले आहे, आणि जगाला त्याचीच उणीव भासणार आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान विखंडन अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. त्याच्या शेजारी संमीलनाच्या भिंतीच्या आणि इंधनाच्या संशोधनासाठी एक छोटी, पण दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम ठेवता येणार नाही, असे मला वाटत नाही.

एका व्याख्यानानंतर धातुशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, यात काम करायचं असेल तर प्लाझ्मा फिजिक्सच करावं लागतं का?” तिचा प्रश्न अगदी योग्य जागी होता. टंगस्टन आणि पोलाद यांचा सांधा न्यूट्रॉनच्या माऱ्यात का सुटतो, जाड पोलादी पत्र्याचे वेल्डिंग थंड होताना किती आखडते, हे प्रश्न धातुशास्त्राचे आहेत. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्राचा जुना विभाग आहे, वाडीला ॲल्युमिनियमचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. या शहराने संमीलनाकडे केवळ बातमी म्हणून पाहावे, हे त्याच्या क्षमतेला शोभणारे नाही.

आता या शहराच्या उत्तर टोकाकडे वळतो. कोराडी आणि खापरखेडा मिळून साडेतीन हजार मेगावॅटच्या आसपास क्षमता नागपूरच्या वेशीवर उभी आहे. कोराडी, सुरादेवी, वारेगाव, खसाळा या पट्ट्यात ज्यांची घरे आहेत त्यांना राख म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा झटकला की करडा धूर उडतो. गच्चीवर सांडगे-पापड घालताना त्यावर पातळ कापड पसरावे लागते, आणि संध्याकाळी त्या कापडावर बोटाने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. पूर्ण क्षमतेने चालणारा ६६० मेगावॅटचा एक संच दिवसाला साधारण नऊ ते दहा हजार टन कोळसा जाळतो आणि आपल्याकडच्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग राख म्हणून उरतो. तेवढीच वीज देणाऱ्या संमीलन केंद्राला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास इंधन पुरेल. जुलै २०२२ च्या मुसळधार पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व वस्त्यांत शिरले. ती शेते पाहिलेल्या माणसाला अर्धा किलोचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पण हा फरक कितीही मोह पाडणारा असला तरी तो आजच्या कोराडीला लागू पडत नाही. ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच तिथे उभारण्याचा निर्णय झाला आहे आणि परिसरातले रहिवासी व पर्यावरण कार्यकर्ते त्याला विरोध करत आले आहेत. हे संच या दशकाच्या अखेरीस किंवा पुढच्या दशकाच्या आरंभी सुरू झाले, तर ते २०६० च्या आसपासपर्यंत चालू शकतील; कोराडीतल्याच २१० मेगावॅटच्या जुन्या संचाने चाळीस वर्षे ओलांडलेली आहेत. ईटरमधले खरे प्रयोग २०३९ मध्ये सुरू होणार, त्यांचे निष्कर्ष हाती येणार, मग प्रात्यक्षिक केंद्र बांधले जाणार, ते चालून सिद्ध होणार, आणि मग व्यापारी केंद्राचा विचार होणार. सगळे सुरळीत झाले तरी तोही काळ २०६० च्या जवळपास जातो. म्हणून नव्या संचांचा वाद सौरऊर्जा, साठवण, पारेषण आणि संध्याकाळची मागणी यांच्या हिशेबानेच सोडवला पाहिजे. त्यात संमीलनाचे नाव कोणत्याही बाजूने यायला नको. विदर्भात ऊन मुबलक आहे. पावसाळ्यातले ढगाळ आठवडे आणि मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्री, जेव्हा घरोघरी कूलर पहाटेपर्यंत चालतात, हा अडचणीचा भाग आहे. त्यावरचे उपाय महाग असतील, पण त्यांसाठी कोणताही नवा वैज्ञानिक शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

हेच मला सर्वांत जास्त खुपते. संमीलनाच्या सत्तर वर्षांवर टीका करणारे आपण एका वेगळ्या प्रतीक्षेबद्दल मात्र मूक असतो. औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली आणि दोन वर्षांत ती पाळावी असे सांगितले. धुरातून गंधक काढण्याचे तंत्र जगात कित्येक दशकांपासून वापरात आहे. तरीही मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवली गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना त्या अटीतून सूटच देण्यात आली. प्लाझ्मा आवरत नाही म्हणून संमीलनाला उशीर झाला, हे समजू शकते. तयार असलेले यंत्र बसवण्याला झालेल्या उशिराला भौतिकशास्त्र जबाबदार नाही, आणि त्याची किंमत श्वासातून मोजणारी माणसे इथेच, आपल्या जिल्ह्यात राहतात.

इंग्लंडने नॉटिंगहॅमशायरमधल्या वेस्ट बर्टन येथील कोळशाच्या जुन्या वीजकेंद्राची जागा २०२२ मध्ये आपल्या पहिल्या नमुना संमीलन केंद्रासाठी निवडली आणि २०४० चे उद्दिष्ट ठेवले. ते उद्दिष्ट पुढे सरकेल असे मला वाटते, पण जागेची निवड विचारपूर्वक झालेली आहे. तिथे वीजवाहिन्या आहेत, पाणी आहे, टर्बाइन चालवणारी माणसे आहेत. हे सगळे कोराडीतही आहे. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी आजच कोराडीला पुरवले जाते, उच्चदाबाच्या वाहिन्या उभ्या आहेत, आणि तीन पिढ्यांनी तिथे पाळ्या केल्या आहेत. म्हणून नवा संच मंजूर करताना त्याच्या बंद होण्याचे वर्ष मंजुरीच्या कागदावरच लिहिले जावे, राखेच्या तलावांची जमीन कोणी आणि कोणत्या पैशातून पूर्ववत करायची हे त्याच कागदावर ठरावे, आणि जुन्या संचांची मोकळी होणारी जागा तुकडे पाडून विकली जाऊ नये, अशी मागणी नागपूरकरांनी आताच केली पाहिजे. त्या जागेवर पुढे साठवणीच्या बॅटऱ्या बसतील, विखंडनाची लहान अणुभट्टी येईल की संमीलनाचे केंद्र, हे २०५० नंतरचे लोक आपल्या काळचे आकडे समोर ठेवून ठरवतील. त्यांना ती जागा स्वच्छ आणि सलग मिळावी, एवढे आजच्या जनसुनावणीत मांडता येण्यासारखे आहे.